साडूभाऊंचे लेख आणि माझा राजीनामा

माझे साडू विलासराव रोज सकाळी मोबाइलवर एक चांगला लेख वाचतात. त्यांच्याबद्दल माझी दुसरी काहीही तक्रार नाही.

ते शिरवळच्या कारखान्यात, मी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. वाचलेला लेख ते लगेच सासरच्या ग्रुपवर टाकतात. 'एआय तुमचं काम खाणार का?', 'पगार जातो कुठं?' असलं काहीतरी! मग शिराळ्याहून आमचे सासरे आण्णा (फौजेतले निवृत्त सुभेदार) लिहिणार, 'जावई असावा तर असा!' माझ्या 'शुभ सकाळ'च्या गुलाबांना त्यांनी आजवर फक्त अंगठा दाखवला. तोही एकदाच, चुकून.

"आवं, दाजी बघा किती वाचत्यात," बायको, सुनीता, म्हणाली. "आन तुमी?"

"मीबी वाचतो की!"

"काय? एसटीची पाटी?"

झालं! आता दाखवतोच, म्हटलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा पिता पिता मी एक लेख हुडकला : 'नोकरी सोडून सुखी झालेली माणसं'. विलासराव नुसता लेख टाकतात काय? आपण वर विचारही टाकायचा! लिहिलं, 'लय विचार केला. दुसऱ्याची चाकरी आता बास! मीबी ह्याच वाटंनं निघालो.' पाठवलं आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

आण्णांचा पत्ता नाही. नीट बघतो तर लेख गेलेला वर्कशॉपच्या ग्रुपवर! थेट शेठच्या खिशात! घाईघाईनं डिलीट केला, जीव भांड्यात पडला. मग लक्षात आलं, तो मी फक्त माझ्यापुरता डिलीट केला होता. म्हणजे अख्ख्या वर्कशॉपला तो दिसत होता. दिसत नव्हता तो एकट्या मला!

वर्कशॉपमध्ये शिरलो तर लेथवरचा सलीम मशीन बंद करून गळ्यातच पडला.

"गड्या, एका शब्दानं बोलला न्हाईस!"

"शेठ, आवं ते चुकून..." मी केबिनमध्ये जाऊन म्हणालो.

"लाजताय काय? धाडस लागतं!" शेठनी माझा हात दाबला. त्यांनी नवा सुपरवायझर बघायला सुरुवातही केली होती!

तेवढ्यात सलीमनं सुनीताला फोन करून अभिनंदन केलं. सुनीतानं रडत आण्णांना कळवलं. दुपारी माझ्या निरोपाचा हार आणि नारळ आला, पाठोपाठ एसटीनं आण्णा.

"पाव्हणं, ड्यूटी सोडून पळणाऱ्याला पलटणीत काय म्हणत्यात, ठावं हाय का?"

पोरांच्या फिया डोळ्यांपुढं नाचायला लागल्या.

"इलासरावास्नी फोन लावा!" आण्णांचा हुकूम.

लावला. माझ्याच हातानं, माझ्याच मोबाइलवरून, व्हिडिओ कॉल! विलासरावांनी दोन मिनिटांत शेठना पटवलं. "साहेब, तो लेख मी वाचलाय." (अर्थात! तोही वाचलेलाच होता!) "भावनेच्या भरात लिहून गेलेत ते. माणूस कामाचा आहे, सोडू नका."

शेठ खो खो हसले. माझी नोकरी वाचली.

"पण आता ह्या हाराचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"ज्याचा मान त्याला!" असं म्हणत आण्णांनी कॉल चालू असलेला मोबाइल नारळाला टेकवून टेबलावर उभा केला आणि हार त्याला घातला. भोवती झेंडू, मधे विलासराव. शांत, हसरे, हुबेहूब भिंतीवरच्या तसबिरीसारखे! सलीमनं पटकन फोटो काढला.

तो फोटो मी आता मोबाइलवर कायमचा लावलाय.

"कळली ना शेवटी दाजींची किंमत?" सुनीता कौतुकानं विचारते.

मी गंभीरपणे हात जोडतो.