करजगीहून आलेली फर्माईश

अप्पांचं गाण्यांचं चॅनल आमच्या घराच्या वरच्या खोलीतून चालायचं. सीमाभागातल्या आमच्या खटकचिंचोळी आणि आजूबाजूच्या पाच-सहा खेड्यांत त्यांनी स्वतः खांबाखांबावर चढून केबल ओढली होती. एक मराठी, एक कन्नड, एक हिंदी, मग परत मराठी, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. कुणाला वाईट वाटायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. एप्रिलमध्ये मात्र चार दिवस सकाळपासून भीमगीतं लागायची.

लोक फोन करून फर्माईश सांगत. अप्पा दिवसभर वायरीच्या कामावर असत, म्हणून शाळेतून आल्यावर फोन मी घ्यायची. मला बोलायला फारसं जमत नसे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात अप्पा-आईशीसुद्धा मी निम्मं मान हलवून बोलायची. फोनवर "हं" म्हणायचं, वहीत नाव, गाव आणि गाणं लिहायचं, तेच स्क्रीनखालच्या पट्टीत टाइप करायचं. लग्नसराईत वहीची दोन-दोन पानं भरत. संध्याकाळी अप्पा हात धुऊन आधी वही बघत, मग चहा घेत.

मग मोठ्या केबल कंपनीचे सेट-टॉप डबे आले, आणि पाठोपाठ प्रत्येकाच्या हातात मोबाइल. कंपनीचा माणूस घरी येऊन अप्पांना म्हणाला, "लाइन आम्हाला द्या, काम तुम्हीच बघा. पण ते गाण्याचं चॅनल बंद करा. कोण बघायलंय आता?"

"फोन येत्यात की अजून," अप्पा म्हणाले. "येत्यात तवर चालवणार."

फोन येत नव्हते. येत होता तो एकच. मागच्या गल्लीतल्या एक अक्का दर गुरुवारी, त्यांच्या भाषेत बेस्तरवारी, तेच कन्नड भक्तिगीत मागायच्या. कोरी वही अप्पांना दाखवायचं माझ्या जिवावर आलं. एके दिवशी मी दोन फर्माईशी मनानेच लिहिल्या. दुसऱ्या दिवशी चार. नावं वर्गातल्या मुलींची, गावं आठवतील ती.

"आज लई फोन आले म्हण," अप्पा आईला सांगायचे.

"तुमची पोरगी बोलली व्हय फोनवर?" आई म्हणायची. "पाहुणे आले की दाराआड जातीया."

असं महिनाभर चाललं. एका संध्याकाळी वही वाचता वाचता अप्पा थांबले.

"करजगीला आपली वायर कधी गेली गं?"

करजगी माझ्या मामीचं माहेर. तिकडे अफजलपूर तालुक्यात, आमच्याकडून बसने अर्धा दिवस. लिहिताना मला फक्त गावाचं नाव सुचलं होतं. आपली केबल कुठल्या खांबापर्यंत जाते, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. अप्पांना प्रत्येक खांब पाठ होता.



"बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"अक्का खऱ्या आहेत," मी म्हणाले.

ते रागावले नाहीत. वही मिटून ठेवली आणि आधी अक्कांनाच फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"अक्का, उद्यापासून चॅनल बंद करायलोय."

"कामून?"

"कोणी बघंना गेलंय."

"मी बघते न्हवं का? मग माझं बेस्तरवारचं गाणं?"

"आत्ता लावतो. टीव्ही लावा."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "पट्टीत तुझं नाव टाक. महिनाभर तूच तर फर्माईश करायलीस."

ते हसत होते. मी माझं नाव टाकलं नाही. अक्कांचं टाकलं आणि गाणं लावलं. खोलीत खुर्ची एकच होती, तिच्यावर मी. मी उठायला लागले तर त्यांनी हातानेच बस म्हटलं. गाणं संपेपर्यंत अप्पा उभे होते. मग त्यांनी कंपनीच्या माणसाचा नंबर शोधायला खिशातून चष्मा काढला.