भावजींचा लांब सूर

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. छातीत लोहाराचा भाता बसवल्याच्या थाटात वावरायचे, म्हणून बँडवाले त्यांना भाताच म्हणत. त्याचंही त्यांना कौतुक. शेवटच्या गाण्याआधी ते एक सूर लांबवत न्यायचे आणि तो संपेपर्यंत कुणी वाद्याला हात लावायचा नाही, हा दंडकही त्यांचाच. मी ड्रमवाला. मी काठ्या वर धरून ताटकळत उभा, आणि हे डोळे मिटून स्वतःवर खूश.

खोकला आला की म्हणायचे, "हवा बदलली." धाप लागली तर दोष जिन्याचा. सिगारेटनं फुफ्फुसं झिजलीत, हे छातीच्या डॉक्टरांनी कधीच सांगून ठेवलं होतं. पण भावजींच्या एका खिशात श्वासाचा पंप, दुसऱ्यात सिगारेटचं पाकीट. दोघांचंही मन राखायचे.

मग त्याच फुफ्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. सर्जनबाई म्हणाल्या, "गाठ लहान आहे, काढता येईल. पण तिच्याबरोबर फुफ्फुसाचा एक भाग जाणार. उरलेल्यावर तुमचं भागेल का, ते आधी बघू. आणि सिगारेट आजपासून बंद, नाहीतर मी हात लावणार नाही."

बघायचं म्हणजे मशीनच्या नळीत फुंकायचं. भावजींना हसू आवरेना. "आयुष्यभर दुसरं काय केलं?" कॉलर सैल केली, ओठ नीट बसवले आणि फुंकले, हळुवार, एकसारखे, शेवटपर्यंत जपून. मशीनवरची मुलगी "एकदम सोडा, जोरात" म्हणून घसा कोरडा करत होती. आकडा आला अगदीच रडका. पुन्हा फुंकले, पुन्हा तेच. "एवढ्यावर ऑपरेशन अवघड आहे," ती हळूच म्हणाली. भावजींचा चेहरा पडला. मला त्यांची कधी नव्हे ती कीव आली, आणि भीतीही वाटली.

ताई वैतागली. "अहो, तुम्ही फुंकताय कुठे? वाजवताय. श्वास राखून ठेवायला इथे टाळ्या मिळणार आहेत का? मी पाकीट कचऱ्यात टाकलं की माझ्यावर कसे खेकसता? तसं सोडा."

भावजींनी तिच्याकडे पाहिलं आणि सगळा राग नळीत ओतला. खोकून खोकून लालबुंद झाले. आकडा बेताचाच आला, पण सर्जनबाईंना पुरला. इतक्या वर्षांच्या खेकसण्याचा ताईला झालेला हा एवढाच उपयोग. काही आठवडे श्वासाचे व्यायाम करवून घेऊन बाईंनी गाठ काढली.

बऱ्याच महिन्यांनी भावजी तालमीला आले. शेवटच्या गाण्याआधी त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावलं. मी सवयीनं काठ्या वर धरल्या. सूर लागला, गोडच लागला, आणि अर्ध्यात तुटला. माझ्या काठ्या तशाच वर राहिल्या. उरलेला सूर येईल म्हणून मी थांबलो होतो.

भावजींनी ओठ पुसले. "संपला तो," ते म्हणाले. "वाजव की आता."