वरवंडचा तलाव, चंदेरी वीरगळ आणि राहिलेलं आमंत्रण

शिरूर-दौंड बघायला जाऊ म्हटल्यावर आईनं एकच प्रश्न विचारला, "मंदाकडं जायचं नाही ना?" मी म्हटलं, तलाव बघायचाय. खोटं नव्हतं, तलाव वाटेपासून जवळच होता.

मंदामावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण, वडगाव रासाईची. तीन वर्षांपूर्वी तिनं मुलाच्या लग्नाची पत्रिका आईला व्हॉट्सॲपवर पाठवली. आमच्यात बहिणीला कुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून बोलावतात. मावशीला वाटलं, घरच्याच माणसाला कसलं आलंय आमंत्रण! आईला वाटलं, घरच्या माणसालाच नाही? ती लग्नाला गेली नाही आणि बोलणं बंद झालं. दोघींनी साठी ओलांडलीय. आता यांची गाठ कुणाच्या तरी दहाव्यालाच पडणार, अशी मला धास्ती बसली होती. म्हणून ही ट्रिप.

हडपसरहून सातला निघालो. यवतला मिसळ खाल्ली. पुढं उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. त्यांच्यामागं घाई करू नका, त्यांना अजिबात नसते. वरवंडच्या तलावाला पाणी भरपूर, पक्षी लांब आणि आमची दुर्बीण घरी. सतरंजी, पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. आई दहा मिनिटं पाण्याकडं बघत बसली. मग म्हणाली, "बघितला तलाव. आता?"

चौफुल्याला मागं येऊन न्हावऱ्याचा रस्ता धरला. वाटेतल्या एका गावात देवळामागं तीन वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड. तिन्ही चंदेरी ऑइलपेंटनं रंगवलेले. इतिहासाच्या अभ्यासकांनी जरा मन घट्ट करून जावं. पारावर एक आबा बसले होते.

"आबा, कुणाचे हो हे?"

"गावासाठी मेल्याली मान्सं हायती. नावं न्हाई ठावं. पन जत्रंला रंग द्याचा म्हंजी द्याचा."

"बघ," आई मला म्हणाली, "नावसुद्धा माहीत नाही, तरी यांचं चुकत नाही."

मी गाडी सुरू केली.

वडगावात रासाई देवीच्या दर्शनाला आई आनंदानं उतरली. मावशीचं घर तिथून पाच मिनिटांवर. "चल ना गं," मी म्हटलं. "देवीला बोलावणं लागत नाही," आई म्हणाली, "मंदाच्या घरी लागतं." आणि पायरीवर बसली ती बसलीच. मला रडायला यायचं बाकी होतं. बाजूला जाऊन मावशीला फोन केला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला. मला वाटलं, झालं, संपलं सगळं.

वीस मिनिटांनी मावशी आली. एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्या हातात मूठभर अक्षता, कडेवर दीड वर्षाची नात. नात माझ्याकडं दिली, आईला कुंकू लावलं, अक्षता हातावर ठेवल्या.

"आक्का, आमच्या परशाच्या लग्नाला यायचं बरं का."

आईनं परशाच्या मुलीकडं बघितलं. "कवा हाय?"

"झालं की."

"मग चल लवकर. आधीच उशीर झालाय."

घरी गेल्यावर आईनं पिशवीतून सुनेसाठी साडी आणि परशासाठी कापड काढलं. दोन्हीला डांबरगोळ्यांचा वास येत होता. म्हणजे आहेर तीन वर्षं तयार होता, आणि माझ्या तलावाच्या ट्रिपला तो बरोबर आला होता. मी जेवायला बसले. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी आणि लग्नाचे म्हणून लाडू. असलं जेवण कुठल्या हॉटेलात मिळतं, हे मला विचारू नका.

संध्याकाळी पुण्यात परतलो. तलावाचा एकही फोटो नाही. वीरगळांचे आहेत, पण रंग फार चमकतो. आईनं फक्त 'पोचलो' सांगायला मावशीला फोन लावला. माझी अंघोळ झाली, चहा झाला, फोन चालूच. मग एकदम आईचा आवाज चढला.

"तुझं ऑपरेशन झालं? कवा? आन् मला सांगितलं न्हाईस?"

मला वाटलं, आता पुन्हा अबोला. फोन मात्र तिनं ठेवला नाही.