मातीचा फ्रिज आणि सहदेव परब

सहदेव परबला भटवाडीत सुपरवायझर म्हणून कुणी ओळखत नाही. नोकरी तीच आहे, विक्रोळीच्या एका गोदामात, आलेला माल उतरवून घ्यायचा आणि जाणारा चढवून द्यायचा. पण घाटकोपरच्या त्या चढावर जाऊन त्याचं घर विचारा, लोक म्हणतील, "देखाव्यावाले परब ना? पाण्याच्या टाकीच्या मागे, दुसरं दार." माणूस पोट एका कामावर भरतो आणि नाव दुसऱ्याच कामात कमावतो, तशातली गत.

गल्लीतल्या मंडळाच्या गणपतीपुढचा हलता देखावा वर्षानुवर्षं सहदेवच करायचा. गाडीच्या वायपरची जुनी मोटर, सायकलची चेन, मोडक्या पंख्याची पाती, असल्या भंगारातून त्याने कालियामर्दन केलं, रायगड उभा केला, कोकण रेल्वेसुद्धा बोगद्यातून काढली. बाप गिरणीत होता. मशीन अडलं की आधी हात घालून बघायचं, ही खोड त्याच्याकडूनच आलेली. एका वर्षी समुद्रमंथन होतं आणि ऐन गर्दीच्या दिवशी मोटर जळली. बाहेर ही मोठी रांग. सहदेव पडद्यामागे स्टुलावर बसला आणि वासुकीची दोरी हातानेच ओढत राहिला, रांग संपेपर्यंत. तळव्यांना फोड आले. बाहेर येऊन ऐकतो तर एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "मोटर काय भारी आहे बघ, जरा म्हणून आवाज नाही." इतकं सुख त्याला कुठल्या पगारवाढीनेही दिलं नव्हतं. देखावा बंद पडता कामा नये आणि मागे काय चाललंय ते दिसता कामा नये, एवढी दोनच कलमं त्याच्या धर्मात होती म्हणा ना.

यंदा मंडळाने देखावाच बंद केला. भाड्याचा महाल ठरवला, डेकोरेटर आणणार, लावणार, परत नेणार. मंडळाचा अध्यक्ष निलेश सावंत घरी येऊन सांगून गेला. "सहदेवभाऊ, आता जरा आराम करा. किती वर्षं राबणार?" वर चहा पिऊन गेला. आराम करा म्हणजे काय, हे न कळायला सहदेव काही दुधखुळा नव्हता. पण बोलली ती त्याची बायको, प्रेमा. "बरा झाला," ती म्हणाली. "माळ्यावरचा भंगार आता तरी काढा."

भंगार निघालं नाही. त्याच्या हातांना काहीतरी काम हवं होतं, आणि ते नेमकं त्याच सुमारास मुलीच्या रूपाने घरात चालत आलं.

मुलगी अक्षता, नववीत. तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि त्यात पहिला येईल तो वॉर्डाच्या प्रदर्शनाला जाणार होता. अक्षताला वॉर्डाला जायचं होतं. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, कारण जेवताना, भांडी विसळताना, वेणी घालताना ती दुसरं काही बोलतच नव्हती. विषय घेतला होता मातीचा फ्रिज. मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवायचं, मधल्या जागेत वाळू, वाळूवर पाणी आणि तोंडावर ओलं फडकं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि आतली भाजी वीज न वापरता ताजी राहते. निदान पुस्तकात तरी राहते.

तिने मडकी आणून गॅलरीत मांडली. आत पालकाची जुडी, बाजूला स्टीलच्या डब्यात तसलीच दुसरी. रोज शाळेतून आली की दप्तर टाकून आधी थर्मामीटर. आत किती, बाहेर किती, हवेत दमटपणा किती. दमटपणा मोबाईलवर बघायचा आणि सगळं कागदावर उतरवायचं.

श्रावणातले दिवस. हवा अशी की मीठ बरणीतून बाहेर पडायला तयार नाही. मडकं काही थंड होईना.

"पप्पा, थंड होतच नाही ओ," ती एका संध्याकाळी म्हणाली.

सगळा घोळ इथेच झाला. मुलीने दिली ती बातमी होती आणि बापाने ऐकली ती तक्रार. अक्षताचं डोकं तोवर पुढे गेलेलं होतं. गॅलरीतल्या दोरीवर तिचा शाळेचा ड्रेस दोन-दोन दिवस ओला लोंबत असायचा. ज्या हवेत ड्रेस वाळत नाही त्या हवेत मडकं काय वाळणार, आणि वाळत नाही तर थंड कसं होणार? तिने हे विज्ञानाच्या शीतल मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, मग हाच तुझा प्रोजेक्ट. पुस्तकातला फ्रिज आपल्याकडे पावसात का चालत नाही, ते दाखव." अक्षता चढ पळत चढून घरी आली आणि हे सगळं तिने बापाला सांगितलं. बाप तेव्हा प्लायवूड ठोकत होता. तोंडात खिळे होते. तो "हं" म्हणाला.

प्लायवूड कशाला, तर देखाव्याला. नुसती दोन मडकी टेबलावर ठेवायची म्हणजे कुंभाराचं दुकान वाटेल, असं सहदेवचं मत. त्याने माळ्यावरून सामान काढलं आणि कोकणातलं घर बांधायला घेतलं. चिऱ्यांच्या भिंती, कौलं, पडवी, आणि पडवीत तो मातीचा फ्रिज. मडक्याभोवती निळ्या दिव्यांची माळ लावली, थंडाव्याचा इफेक्ट म्हणून.

"दिव्यांनी मडकं गरम होईल, पप्पा," अक्षता म्हणाली.

दिवे काढावे लागले. मग त्याने चार्टकडे मोर्चा वळवला. चार्टवर अक्षताने मोजमापांचा तक्ता काढला होता आणि खाली बारीक अक्षरांत निष्कर्ष लिहिला होता. सहदेवने कडेने मखराची उरलेली सोनेरी लेस चिकटवली, वर 'मातीचा फ्रिज' अशी अक्षरं थर्माकोलची कापून लावली आणि चार पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून, चार्ट सरळ लागलाय की नाही ते बघितलं. झकास दिसत होता.

फक्त मडकं थंड होत नव्हतं. अक्षता शाळेत गेल्यावर त्याने दोनदा थर्मामीटर लावून बघितलं. आत-बाहेर सारखंच.

"पोरीचो प्रयोग फसलो हा," तो प्रेमाला म्हणाला, "आणि ती कोणाक सांगणा नाय."

"मगे तिका इचारा."

"इचारून काय करू? तिचा तोंड बघवणा नाय माका."

म्हणून विचारलं नाही. जो माणूस मोटर कुठे अडली ते बघायला अर्धा दिवस पालथा पडून राहील, त्याला पोटच्या पोरीला एक प्रश्न विचारायचा धीर झाला नाही. माया असली की माणसाची अक्कल अशी नेमक्या वेळी रजेवर जाते.

प्रदर्शनाच्या शनिवारी त्याने सुट्टी टाकली. रिक्षात कोकणातलं घर मांडीवर घेऊन बसला, मडकी अक्षताच्या पायांशी. शाळेच्या हॉलमध्ये टेबल मिळालं. मांडामांड झाली, वाळूवर पाणी घातलं आणि घंटा होऊन सगळी मुलं प्रार्थनेला खाली गेली. सहदेव तडक मासळी बाजारात गेला. श्रावणामुळे बाजारात शुकशुकाट होता, कोळणीच्या पेटीत मासळीपेक्षा बर्फच जास्त.

"नुसता बर्फ?" ती म्हणाली. "बोंबील ताजे आहेत, भाऊ."

"श्रावण आहे ना, मावशी."

तिने पिशवीभर बर्फ असाच दिला. सहदेवने पिशवीला गाठ मारली, मुलं वर यायच्या आत हॉलमध्ये येऊन ती लहान मडक्याच्या तळाशी ठेवली, वर पालक नीट पसरला आणि तोंडावर ओलं फडकं टाकलं. मग मागच्या भिंतीपाशी बाकीच्या पालकांमध्ये जाऊन उभा राहिला. कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं. पडद्यामागची व्यवस्था चोख होती.

परीक्षक म्हणून पार्ल्याच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेल्या बाई आल्या होत्या. अक्षताच्या टेबलापाशी पोचायला त्यांना बराच वेळ लागला. घराकडे त्यांनी बघितलं न बघितलं आणि सरळ चार्ट वाचायला घेतला. अक्षता बोलायला लागली. आधी जरा अडखळली, मग सुटली. आत सव्वीस तर बाहेर अठ्ठावीस, काही दिवशी तेवढाही फरक नाही, दमटपणा जास्त तसा फरक कमी. ड्रेस वाळत नाही तेही तिने सांगितलं.

बाई हसल्या. "इतके प्रोजेक्ट बघितले, सगळ्यांचं सगळं चालतंय. न चाललेलं मांडणारी तू पहिलीच. बघू, आत्ता किती आहे?"

भिंतीपाशी सहदेवला आधीचं नीट ऐकू आलं नाही. शेवटचा प्रश्न तेवढा आला. तो दोन पावलं पुढे सरकला.

अक्षताने फडकं उचलून थर्मामीटर आत सोडला. बाईंनी चष्मा सारखा केला. पारा खाली खाली जाऊन थांबला.

"चौदा," बाई म्हणाल्या.

अक्षताने थर्मामीटर काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा चौदा. मागे उभ्या असलेल्या पालकांमधली एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, खरंच थंड होतं की. आपण पण करून बघू या." सहदेवच्या कानाला हे शब्द गोड लागले, पण त्याचं लक्ष मुलीच्या चेहऱ्याकडे होतं आणि त्या चेहऱ्यावर जे यायला हवं होतं ते येत नव्हतं.

"तुझा तक्ता म्हणतो सव्वीस," बाई म्हणाल्या. "मडकं म्हणतं चौदा. कुणाचं खरं धरू?"

अक्षता तक्त्याकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. "माझंच चुकलं असेल, मॅडम," ती हळू म्हणाली. "मला मोजता आलं नसेल. रोजच चुकीचं मोजलं असेन मी."

सहदेवला अजून सगळं कळलं नव्हतं. पण एवढं कळलं, की पोरगी पूर्ण महिन्याचं काम आपल्याच तोंडाने खोटं पाडते आहे, आणि तेही त्याच्या मडक्यावर विश्वास ठेवून. गप्प राहिला असता तर कुणालाही पत्ता लागला नसता. तो पुढे आला, मडक्यात हात घातला, पालक बाजूला सारला आणि पिशवी बाहेर काढली. पाणी ठिबकलं. मासळीचा वास टेबलभर पसरला. शेजारच्या टेबलावरची मुलं खिदळायला लागली.

"मी ठेवला," तो म्हणाला. "तिला माहीत नाही. मी वडील."

"का पण?"

"थंड होत नव्हतं म्हणून."

"अहो, थंड होत नाही हाच तर तिचा प्रयोग आहे." बाईंनी चार्टच्या खालच्या भागावर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय की. तुम्ही वाचलं नाही?"

सहदेवच्या हातातल्या पिशवीतून पाणी गळत होतं. त्याला तोंड वर करवेना. आजवर तो दोरी ओढताना सापडला नव्हता, आज स्वतःहून पडदा बाजूला केला तर मागे एवढीशी पिशवी निघाली.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मडकं उघडं राहू दे, मी शेवटी परत येते. पण वाळूने गारवा धरून ठेवला होता. बाई परत आल्या तेव्हा पारा एकोणीसवर होता. "माझा विश्वास आहे तुझ्यावर," त्या अक्षताला म्हणाल्या, "पण मला जे दिसेल त्यालाच मार्क देता येतात गं." वॉर्डाला ओजस नावाच्या मुलाची टाकी भरल्यावर वाजणारी घंटा गेली.

हॉल रिकामा व्हायला लागला. अक्षता वाळू पिशवीत भरत होती.

"माझ्यामुळे गेलं तुझं," सहदेव म्हणाला.

"हो," अक्षता म्हणाली.

तिने वर बघितलंही नाही. ती रडली असती, ओरडली असती, तर त्याला काहीतरी करता आलं असतं. तो चार्ट उतरवायला गेला आणि उतरवता उतरवता तिथेच उभं राहून वाचायला लागला. आधी तक्ता, मग खालचं बारीक. दोनदा वाचलं. हवेत आधीच पाणी भरलेलं असलं की मडक्यातलं पाणी उडायला बघत नाही, असं तिने लिहिलं होतं. इतकं सोपं लिहिलं होतं की खिळे तोंडात असतानाही त्याला कळलं असतं.

"म्हणजे नागपूरला हे थंड होईल का गं?" त्याने विचारलं.

"होईल," अक्षता म्हणाली. "पावसाळ्यात नाही. उन्हाळ्यात."

पिशवीचं तोंड बांधून ती मडकी उचलायला वाकली. हाच प्रश्न महिन्यापूर्वी गॅलरीत विचारला असता, तर पोरगी जेवण होईपर्यंत बोलायची थांबली नसती, हे सहदेवला माहीत होतं, आणि ते त्याला फार लागलं.