वरच्या गटातला पहिला सामना

काल दुबईत अल बर्शाच्या मॉलमध्ये लेकीसाठी बास्केटबॉल घेतला. नव्या रबराचा उग्र वास नाकात गेला आणि मी एकदम आमच्या इथल्याच कॉलेजच्या कोर्टवर जाऊन पोचले.

त्या वर्षी आमची मुलींची टीम खालचा गट जिंकून वरच्या गटात गेली होती. पहिल्याच सामन्यात आम्ही चाळीस गुणांनी मागे पडलो. समोरच्या मुली आमच्यापेक्षा वीतभर उंच होत्या. शेवटचं मिनिट उरलं, तेव्हा मी पळणं सोडूनच दिलं होतं. आमची कॅप्टन अनघा टीममधली सगळ्यात बुटकी, पण ती बाहेर जाणाऱ्या बॉलमागे झेपावली आणि दोन्ही गुडघे सोलून घेत तिने तो आत फेकला.

नंतर कोच सरांनी हळूच विचारलं, “परत खालच्या गटात जायचं का? मी बोलून बघतो.”

अनघा गुडघ्यावर बर्फ धरून म्हणाली, “नको सर. खाली आम्हाला एवढं कोणी पळवत नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “उद्या लवकर ये गं. तुझ्या पासिंगवर काम करू.”

मी मध्येच थांबले होते, हे तिने पाहिलं होतं. पण त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

त्या सीझनमध्ये आम्ही एकच सामना जिंकलो, तोही शेवटचा. तेव्हा मला अनघा नुसती हट्टी वाटली होती. आज ऑफिसात माझ्या हाताखाली सात माणसं आहेत. एकोणीस वर्षांची ती मुलगी हरलेल्या टीमला किती अलगद सांभाळत होती, हे मला आत्ता कळतंय.