देवगिरीची मिठाची पोती

जेद्दातल्या आमच्या मराठी मंडळाचं हिवाळी संमेलन शहराबाहेरच्या एका इस्तिराहात भरतं. इस्तिराहा म्हणजे दिवसाच्या भाड्याने मिळणारं बागेतलं घर. एक मोठा हॉल, थोडी हिरवळ आणि पोहण्याचा तलाव. मोठी माणसं हॉलमध्ये बसतात, मुलं तलावात असतात. गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या अध्यक्ष वहिनींचा फोन आला. भाऊजी, तुम्ही देवगिरीकडचे, तेव्हा यादवांचं राज्य कसं बुडालं यावर वीस मिनिटं बोला, असं त्या म्हणाल्या.

मी लगेच होकार दिला. त्याचं कारण मुलगी. दहावी झाली की ती शिकायला पुण्याला मावशीकडे जाणार होती. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं उत्तम चालतं. पण ती जाण्याआधी तिने एकदा तरी माझ्या भाषेतली, माझ्या मुलखातली एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावी, अशी माझी फार इच्छा होती. तिने अट घातली. ती पहिल्या रांगेत बसेल, पण कंटाळा आला तर तलावात जाईल. "डील?" तिने विचारलं. मी हात पुढे केला.

देवगिरीचा किल्ला आमच्या गावापासून एसटीने तासाभरावर आहे. शाळेची सहल दरवर्षी तिथेच जायची, कारण दुसरीकडे न्यायला शाळेकडे पैसे नसायचे. सर वर चढता चढता यादवांची गोष्ट सांगायचे आणि त्यांना धाप लागली की गोष्टही थांबायची. घरात पदवी घेणारा मी पहिला. इंजिनियर झालो, परदेशात आलो, त्यात त्या शाळेचा वाटा मोठा आहे. त्यामुळे भाषण चांगलंच झालं पाहिजे असं मला वाटत होतं.

माझी नोकरी किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या एका कारखान्यात आहे. बाहेरून आलेला कच्चा माल तपासायचा, हे माझं काम. प्रत्येक खेपेतलं एखादं पोतं फोडायचं, नमुना घ्यायचा आणि मगच सही करायची. माल चुकीचा निघाला तर रिपोर्ट लिहायचा. काय चुकलं, मूळ कारण काय, पुढे काय उपाय. यादवांच्या शेवटाबद्दल एक गोष्ट सांगतात. उत्तरेकडून अचानक सैन्य आलं तेव्हा राजाची बरीचशी फौज राजपुत्राबरोबर दूर गेली होती. पायथ्याशी व्यापाऱ्यांची पोती पडलेली होती. ती धान्याची समजून घाईघाईने किल्ल्यात नेली. वेढा पडल्यावर उघडली, तर आत मीठ. आता माझ्यासारख्या माणसाला यात काय दिसणार? पोती न तपासता आत घेतली, हे दिसलं. मी त्याचा रीतसर रिपोर्टच तयार केला, स्लाइडसह.

कामावर आम्ही दोघे एका गाडीतून जातो. बरोबरच्याला सगळे भाई म्हणतात. तो रायगड किनाऱ्याचा, इकॉनॉमिक सिटीच्याच बंदरावर कामाला. मी जाताना भाषणाची तालीम करायचो आणि वाटेतला थुवाल गावाचा फाटा येईपर्यंत तो ऐकून घ्यायचा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं की यात शिलाहार कुठे आहेत. कोकणचं राज्य त्यांचं होतं, ते यादवांनीच बुडवलं. शेवटचा शिलाहार राजा गलबतं घेऊन यादवांशी समुद्रात लढला आणि समुद्रातच गेला. मी म्हणालो, विषय यादवांच्या ऱ्हासाचा आहे.

"म्हणजे बुडवणारा बुडाला की भाषण, आणि आमचा बुडाला तो फुकट?" तो म्हणाला.

उरलेला रस्ता आम्ही भांडत काढला. रोज तेच व्हायचं, आणि खरं सांगायचं तर मजा यायची.

शुक्रवारी हॉल भरला. मी पहिली स्लाइड लावली, पार्श्वभूमी. दुसरी लावली, त्रुटींचं वर्गीकरण. मागच्या रांगांतली मुलं एकेक करून सटकली. तिसऱ्या स्लाइडवर माशाच्या काट्यासारखी आकृती होती, एकेका काट्यावर एकेक कारण लिहिलेलं. कारखान्यात ती सगळ्यांना आवडते. इथे एका काकांनी चष्मा काढून डोळे चोळले. मुलीने खुर्चीखालून टॉवेल काढला, माझ्याकडे बघून दिलगिरीने हसली आणि उठली.

तेवढ्यात मागून भाईचा आवाज आला. "साहेब, एक शंका. ती पोती कुठल्या व्यापाऱ्यांची होती, तेवढं सांगून टाका."

मी म्हणालो, "कोकणातल्या."

"बघा," तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "यांनी आमच्या राजाला खाऱ्या पाण्यात बुडवलं. आम्ही तीसेक वर्षं थांबलो आणि मीठ पाठवलं."

हॉल हसला. मला राहवलं नाही. ते व्यापारी होते, सूड घ्यायला आलेले नव्हते, असं मी म्हणालो. मग रस्त्यावर भांडायचो तसेच आम्ही भांडायला लागलो. स्लाइड तिथेच राहिली. तो समुद्रावरची लढाई सांगायचा, मी किल्ल्याचा खंदक सांगायचो. तो म्हणाला, तुमचे हत्ती किनाऱ्यापर्यंतच, पुढे काय करणार? मी म्हणालो, आम्हीही गलबतं आणली होती. सरांसारखी मलाही मध्येच धाप लागली. मुलगी उभीच होती. मग टॉवेल मांडीवर घेऊन बसली.

पोती उघडल्याचं मी पुन्हा सांगितलं, या वेळी काट्यांशिवाय. तिने हात वर केला. "बाबा, मीठ निघालं, हे राजाला सांगायला कोण गेलं?"

मराठीत विचारलं होतं. मी गडबडलो. चुकीचा माल निघाला की साहेबांच्या दारापर्यंत चालत जाणं कसं असतं, ते मला ठाऊक आहे. पण देवगिरीवर ते कोण चाललं, हे मी कुठेच वाचलेलं नव्हतं. तसंच मी सांगितलं. ती म्हणाली, पण मला नेमकं तेच ऐकायचं होतं. वीस मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. वहिनी दारातून चहाची खूण करत होत्या, आणि कोणी उठत नव्हतं.

नंतर मी चहा घेऊन बाहेर आलो, तर ती तलावाच्या काठावर पाय सोडून बसली होती आणि ओल्या मुलांना यादव-शिलाहार सांगत होती. सगळं इंग्रजीत. हातवारे मात्र भाईचे होते. तिच्या गोष्टीत यादवांचे हत्ती थेट गलबतांवर चढले होते आणि शिलाहार राजा पोहत निसटला होता. मी दुरुस्ती करायला पुढे झालो. भाईने माझा दंड धरला.

"थांबा हो," तो हळूच म्हणाला. "तिच्या गोष्टीत तरी आमचा राजा वाचतोय."

मी थांबलो. एका मुलाने विचारलं, मग पुढे काय झालं? तिने क्षणभर विचार केला आणि आणखी एक हत्ती समुद्रात उतरवला.