येडशीनं गेला

१९८७, मे महिना, सोमवार. वाशीजवळच्या खेड्यातलं आमचं आरोग्य केंद्र. हजर: डॉक्टर, नर्स म्हणून मी, शिपाई हणमंत आणि ड्रेसर गुणवंतमामा. गैरहजर: पाणी. दुष्काळात दूध आटलं, तसा दूध संघाचा टँकर पाणी वाहू लागला होता. त्या दिवशी टँकर आलाच नाही, त्याचा ड्रायव्हर तेवढा आला, तापानं फणफणलेला. बसाप्पा त्याचं नाव, सीमेकडचा. मामांनी त्याला इंजेक्शन दिलं.

तेव्हा सुया फेकत नसत. उकळायच्या, दगडावर धार लावायची, पुन्हा वापरायच्या. धार लावणं मामांकडे. टोक वाकलंय का ते बघायला ते सुई अंगठ्यावरून हलकेच ओढत. मी ओरडले की ठरलेलं उत्तर यायचं, "सिस्टर, डोळ्याला दिसत न्हाय ते अंगठ्याला कळतं." बसाप्पाची सुई त्यांनी उकळायच्या आधीच ओढली. रक्ताचा थेंब आला. मामांनी स्पिरिटचा बोळा दाबला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली, "या पाटील. भेता कशाला? सुई बारीक, तुमी मोठे."

असं बोलणारा माणूस महिन्याभरात गप्प झाला. सुया माझ्यापुढे सरकवू लागला, डबा एकटाच खाऊ लागला. मला वाटलं, उन्हाळ्यानं थकले असतील. थकलो सगळेच होतो. मग एक दिवस मामी आल्या.

"सिस्टर, ह्यांनी आपल्या ताटावर खिळ्यानं फुली मारलीय. त्या ताटाला कुणी शिवायचं न्हाय म्हणत्यात. नात मांडीवर आली की उठून जात्यात. टँकर आला की घागर घेऊन लांब उभं ऱ्हात्यात, समद्यांचं झाल्यावर भरत्यात. आमच्या बापजाद्यांना पाण्यावर असंच लांब उभं करत व्हते. धम्म घेतला तवा ती जागा सोडली. आन् हे आपल्या पायानं परत तिथंच!"

मी मामांना ड्रेसिंगच्या खोलीत गाठलं. ते कात्र्या पुसत होते.

"बसाप्पा एड्सनं गेला, सिस्टर," ते म्हणाले. "हणमंत्यानं सांगितलं. आन् त्याची सुई माझ्या अंगठ्यात."

पेपरात त्या नव्या रोगाचं रोज काहीतरी येत होतं. ते वाचून आमच्याच अंगावर काटा येई. डॉक्टरांनी मामांना समजावलं, एवढ्याशा टोचण्यानं सहसा होत नाही, तरी रक्त पुण्याला पाठवून बघू. मामांनी हात जोडले.

"रगत पुण्याला जाईल साहेब, पण गोष्ट गावात येईल. लोकांनी लांब उभं करायच्या आधी मी आपला आपण उभा हाय. ते सोसतं."

जून कोरडा गेला. एका दुपारी दारात हॉर्न वाजला आणि बसाप्पा पान चघळत आत आला. मामांच्या हातातला ट्रे खाली पडला.

"अरं, तू तर एड्सनं गेलतास!"

हणमंत धावत आला. "एड्सनं? मी कवा म्हणलो? हिकडं दुसरा टँकर दिला आन् ह्याचा लोहाऱ्याकडं लावला, येडशीनं गेला म्हणलो! येडशीनं, येडशी गावावरनं! कान हायेत का गाडगी, मामा?"

बसाप्पा पोट धरून हसला. "माझं तेरवं तरी जेवलासा का न्हाय वो मामा?"

डॉक्टर हसले, मी हसले, रांगेतले पेशंटही हसले. मामा सगळ्यांच्या नंतर हसले, थोडंसंच. आम्ही दोघंच असताना म्हणाले, "जिता हाय, बरं झालं. पर जिता म्हंजे निरोगी, असं कुठं हाय? अंगठ्याला अजून कळंना."

रक्त त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही. सुई मात्र पुन्हा कधी अंगठ्यावरून ओढली नाही. मामींनी दंडाला धरून त्यांना टँकरच्या रांगेत उभं केलं, नात हळूहळू पुन्हा मांडीवर आली. ताट मात्र ते वेगळंच घेत राहिले. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी हृदयविकारानं गेले. नात भाकरीचा तुकडा भरवत होती, तेव्हाच.

पुण्यानुमोदन झाल्यावर मामींनी ते ताट माझ्याकडे दिलं. "तुमचं कसं, सिस्टर, समदं वेळच्या वेळी. वाशीच्या बाजारातनं एवढी फुली घासून आणा. ह्याच ताटात नातीला वाढायचंय मला."

भांडेवाल्याला दोनदा दाखवलं. तो म्हणतो, "खिळा खोल गेलाय बाई, घासलं तर पत्रा जाईल." दुसरा कुणी कारागीर बघायला हवा. ताट माझ्या फडताळात आहे, आणि मामी दर बाजारी निरोप पाठवतात: झालं का?